फार्महाऊससाठी छोटा ट्रॅक्टर निवडताना: आधी गवत मोजा, मग एचपी

छोटा ट्रॅक्टर घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा घेऊ?" हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी विचारायचा. पुण्याच्या आसपास दोन ते आठ एकर रान सांभाळणाऱ्याच्या ट्रॅक्टरचा कस लागतो तो ऑक्टोबरात. पाऊस थांबलेला असतो, जमिनीला जेमतेम वाफसा आलेला असतो, गवत कमरेच्या वर गेलेलं असतं आणि ते वाळून वणव्याला निमंत्रण द्यायच्या आत कापायचं असतं. हे काम जो ट्रॅक्टर सुरक्षित आणि न धापता करतो, तो शेणखताची ट्रॉली, फवारणी, बागेतली हलकी मशागत सगळं करतो. उलटं होत नाही. म्हणून निवड गवत कापायच्या स्लॅशरपासून सुरू करा आणि ट्रॅक्टरपर्यंत या.

एकराच्या आतली जागा असेल तर ट्रॅक्टर घेऊच नका. चांगला ब्रश कटर ठेवा आणि वर्षातून दोन-तीनदा गावातला ट्रॅक्टर तासावर बोलवा. घरचा ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहिला की बॅटरी, टायर आणि डिझेल तिन्ही खराब होतात.

जागेवर करायची मापं

टेप, दहा फुटांची सरळ काठी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी आणि गवंड्याची लेव्हल बाटली घ्या. सगळ्यात तीव्र उतारावर पट्टीचं एक टोक जमिनीवर टेका, बाटलीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुसरं टोक उचला आणि त्या टोकाखालची उंची मोजा. दहा फुटांत पावणेदोन फूट आली तर उतार सुमारे १० अंशांचा आहे. इथपर्यंत रुंद चाकांचा ट्रॅक्टर सावकाश चालतो. पावणेदोन ते अडीच फुटांच्या मध्ये फक्त उताराच्या दिशेने वर-खाली चालवायचं, आडवं कधीच नाही. अडीच फुटांच्या पुढचा तुकडा ब्रश कटरसाठी सोडून द्या. मुळशी, वेल्हे, पानशेत, भोरच्या डोंगरपट्ट्यात असे तुकडे जवळजवळ प्रत्येक जागेत असतात. तिथे ट्रॅक्टर घालायचा मोह झाला तरी टाळा, कारण दोन-तीन एचपी जास्त असल्याने उतार कमी होत नाही.

सासवड, शिरूरच्या बाजूला उताराची चिंता कमी, पण बागेतल्या ओळी अरुंद असतात. डाळिंबाची लागवड १५ फुटांवर असली तरी झाड वाढल्यावर फांद्यांमधली मोकळी वाट सहा-सात फूटच उरते. मोजायची ती ही उरलेली वाट, खोडांमधलं अंतर नव्हे. सर्वात खालच्या फांदीची उंचीही लिहून ठेवा. अंजीर, आंब्याखाली उभा सायलेन्सर आणि मागची संरक्षक कमान अडकते, म्हणून बागेसाठी घडी पडणारी कमान आणि शक्य असेल तर खाली किंवा बाजूला वळवलेला सायलेन्सर बघा.

किती वेळ लागेल याचा हिशेबही कागदावर करता येतो. चार फुटी स्लॅशरचा प्रत्यक्ष उपयोगी पट्टा साडेतीन फूट धरा, कारण प्रत्येक फेरीत आधी कापलेल्या पट्ट्यावर थोडं चढवून घ्यावंच लागतं. ताशी तीन किलोमीटर वेगाने तासाला सुमारे ३४,००० चौरस फूट होतात. वळणं, झाडं, दगड यात पाव भाग वेळ जातो. म्हणजे हाती येतात साधारण २४ गुंठे. पाच एकरांना आठ-साडेआठ तास. त्यात तीन फुटी स्लॅशर लावला तर जवळजवळ तीन तास वाढतील. हा फरक तुम्हाला चालतो की नाही, त्यावर स्लॅशरची रुंदी ठरवा.

स्लॅशरवरून एचपी

दाट गवतासाठी स्लॅशरच्या रुंदीला फुटामागे साधारण पाच एचपी लागते, आणि ती इंजिनाची नव्हे तर पीटीओची, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याची. जाहिरातीतला आकडा बहुतेक इंजिनाचा असतो. २४ एचपीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर साधारण १९ ते २१ एचपी मिळते. म्हणजे चार फुटी स्लॅशरला तो पुरतो, पण डोक्याएवढ्या गवतात साडेतीन फूट घेतलेला बरा. १५ ते १८ एचपीवाल्याला तीन फूट. रोटावेटरचंही (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) असंच: २० च्या आसपास तीन फुटी, २४ ते २८ ला चार फुटी, तोही मऊ जमिनीत. मुरमाड, दगडगोट्यांच्या जमिनीत पहिल्या वर्षी रोटावेटर घालूच नका. कल्टिव्हेटरने दगड वर काढा, वेचा, मग रोटावेटर. नाहीतर पाती वाकतात आणि गिअरबॉक्सवर धक्के बसतात.

हायड्रॉलिकची उचल ७५० किलो अशी लिहिलेली असते, ती खालच्या दोन दांड्यांच्या टोकावर मोजलेली. अवजाराचं वजन तिथे नसतं, ते दोन फूट मागे असतं, आणि तिथे उचल सहज पाव भाग कमी होते. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या अहवालात मोजलेली उचल, पीटीओची खरी ताकद, डिझेलचा खप आणि चाचणीत काय बिघडलं तेही असतं. ज्या मॉडेलवर नजर आहे त्याचा अहवाल विक्रेत्याकडे मागा. माहितीपत्रकापेक्षा तो कितीतरी कामाचा असतो.

उचलीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे अवजार उचलल्यावर पुढच्या चाकांवर किती वजन राहतं. ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान वीस टक्के पुढे राहायला हवेत. ७०० किलोच्या ट्रॅक्टरला १४० किलो. रस्त्यावरच्या वजनकाट्यावर अवजार उचलून फक्त पुढची चाकं चढवा, दोन मिनिटांत कळतं. कमी भरलं तर पुढे वजनाच्या पाट्या लावा. पुढचं टोक हलकं असेल तर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो, आणि चढावर पुढची चाकं उचलली जातात.

क्लच दाबला, तरी ट्रॅक्टर पुढे का जातो?

खरेदीच्या वेळी सर्वात दुर्लक्षित राहणारी गोष्ट हीच, आणि अपघात इथेच होतात. साध्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ गिअरबॉक्सला बांधलेला असतो. स्लॅशरचं जड पातं मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर फिरत असताना तुम्ही बांधाजवळ क्लच दाबता. इंजिन सुटतं, पण फिरतं पातं आपल्या जोरावर पीटीओमधून उलटं गिअरबॉक्सला आणि तिथून चाकांना ढकलत राहतं. ट्रॅक्टर आणखी काही फूट पुढे जातो. समोर ताल (उंच बांध) असेल, विहीर असेल, तर ते काही फूट फार असतात.

उपाय दोन. ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेलं मॉडेल घ्या. किंवा पीटीओच्या दांड्यावर एकाच दिशेला ताकद देणारा ओव्हररनिंग कपलर बसवा. सिंगल क्लचवर स्लॅशर लावायचा असेल तर या कपलरशिवाय लावू नका.

पीटीओ आणि अवजार जोडणाऱ्या शाफ्टची लांबी ही दुसरी नेहमीची चूक. नवीन अवजारासोबत शाफ्ट लांब येतो आणि छोट्या ट्रॅक्टरला तो कापून घ्यावा लागतो. पीटीओ बंद ठेवून अवजार हळूहळू वर-खाली करा. शाफ्ट सर्वात आखूड होतो त्या जागी आत किमान एक इंच मोकळं राहिलं पाहिजे, आणि सर्वात लांब होतो तिथे दोन नळ्या निदान एक तृतीयांश एकमेकींत असल्या पाहिजेत. न कापता जोडला तर अवजार उचलताना शाफ्ट आतून टेकतो आणि सगळा दाब पीटीओच्या बेअरिंगवर जातो. केसिंगला तडा जातो, तेल गळायला लागतं. कापल्यावर कडा कानशीने घासून ग्रीस लावा, आणि प्लास्टिकचं आवरणही तेवढंच कापून परत बसवा. ते काढून टाकू नका; उघड्या शाफ्टमध्ये धोतर, ओढणी, शर्टाची बाही क्षणात गुंडाळली जाते.

शिअर बोल्ट दगडाला तुटतो तो गिअरबॉक्स वाचवण्यासाठी. तुटला म्हणून त्याजागी जास्त कडक बोल्ट घालू नका. अवजाराच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे डझनभर बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवा.

फोर व्हील ड्राइव्ह, ब्रेक, चाकांची रुंदी

पश्चिमेच्या पट्ट्यात फोर व्हील ड्राइव्ह घ्याच. चढाला ताकद मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. उताराचा फायदा कमी लोकांना ठाऊक असतो. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ओल्या गवतावर उतरताना मागची चाकं लॉक होऊन घसरतात. फोर व्हील लावलेलं असेल तर तोच ब्रेक आणि इंजिनाची ओढ पुढच्या चाकांनाही मिळते. म्हणून उतरायला लागण्यापूर्वी फोर व्हील टाका, खालचा गिअर घ्या, आणि उतारावर क्लच दाबू नका. डांबरी रस्त्यावर मात्र ते काढून ठेवा, नाहीतर पुढचे टायर झिजतात आणि पुढच्या गिअरवर ताण येतो. टायर बदलतानाही मापाची तीच जोडी ठेवा. पुढच्या-मागच्या चाकांच्या परिघाचं प्रमाण कंपनीने गिअरशी जुळवलेलं असतं.

मागच्या चाकांमधलं अंतर डिस्क उलटसुलट बसवून कमी-जास्त करता येतं. बागेत अरुंद, उतारावर शक्य तितकं रुंद. डिलिव्हरीच्या दिवशी हे काम विक्रेत्याकडूनच करून घ्या. संरक्षक कमान आणि सीटबेल्ट जास्तीचे पैसे देऊनही घ्या. कमान उभी असेल तर बेल्ट लावायचा, फांद्यांखाली घडी घातली असेल तर लावायचा नाही, हे चालवणाऱ्याला समजावून सांगा. अवजार उचललेलं असताना तीव्र चढ चढायचा असेल तर रिव्हर्समध्ये चढा.

ट्रॉली आणि टँकरबाबत एकच नियम: ट्रॉलीला ब्रेक नसतील तर डोंगरात भरलेल्या ट्रॉलीचं वजन ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त नको. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, टँकरचं वजन वेगळं. म्हणजे ७०० किलोच्या ट्रॅक्टरला उतारावर ५०० लिटरचा टँकर. अर्धवट भरलेला मोठा टँकर तर नकोच, वळणावर पाणी हेलकावतं आणि ट्रॅक्टरला बाजूला ढकलतं.

पुढे लोडर लावायचा विचार असेल तर त्या मॉडेलसाठीच बनवलेला आणि कंपनीने मान्य केलेला लोडर आहे का, हे लेखी विचारा. गॅरेजमध्ये वेल्डिंग करून बसवलेल्या लोडरचा भार पुढच्या एक्सलवर येतो आणि वॉरंटीही जाते. थोडा मुरूम-माती सरकवायला मागचा पाटा पुरतो.

मॉडेल आणि डेमो

या कामाच्या पट्ट्यात महिंद्रा जिवो २४५, महिंद्रा ओजाची २१ ते ३० एचपीची मॉडेलं, कुबोटाचे २१ एचपीचा ए२११एन, २४ चा बी२४४१ आणि २७ चा बी२७४१, जॉन डिअर ३०२८ईएन, स्वराज टार्गेट ६३०, शिवाय व्हीएसटी आणि राजकोटच्या कॅप्टनची मॉडेलं मिळतात. सपाट बागेला हलका ट्रॅक्टर बरा, माती दबत नाही. पाटा ओढायला वजन लागतं. सतत पुढे-मागे करायचं काम असेल तर सिंक्रो शटल (एकाच दांड्याने पुढे-मागे बदलता येणारा) गिअरबॉक्स वेळ वाचवतो. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शनात अनेक ट्रॅक्टरवर एकाच दिवशी बसून बघता येतं. मात्र अंतिम निवड तुमच्या जागेवर डेमो घेतल्याशिवाय करू नका, आणि डेमोला ट्रॅक्टर रोज चालवणार असेल तोच माणूस बसवा. फार्महाऊसवर तो बहुधा मालक नसतो. त्याचा पाय क्लचपर्यंत पूर्ण पोचतो का, मागे वळून अवजार दिसतं का, हे त्यालाच विचारा.

डेमोत स्लॅशर लावून सर्वात दाट गवतात एक पूर्ण फेरी मारा. इंजिन दबून फेऱ्या पडल्या तर स्लॅशर रुंद आहे. मग अवजार वर उचलून इंजिन बंद करा, दांड्याची जमिनीपासून उंची मोजा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. नव्या ट्रॅक्टरमध्ये फार खाली यायला नको. जुनं अवजार वापरायचं असेल तर पिन मोजा: कॅटेगरी एकची खालची पिन २२ मिलिमीटर, कॅटेगरी दोनची २८. मोठ्या ट्रॅक्टरचं अवजार स्वस्तात मिळालं तरी छोट्याला बसत नाही.

पैसे देण्यापूर्वी

ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला. कोटेशनमध्ये तोच दर आहे ना ते पाहा, आणि ट्रॅक्टर, अवजार, विमा, आरटीओ खर्च वेगवेगळे लिहून घ्या. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर) अनुदानाचा अर्ज करायचा असेल तर पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका, आधीचं बिल चालत नाही. जागा एनए (बिगरशेती) असेल आणि सातबारा तुमच्या नावावर नसेल, तर शेती ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होईल का हे बुकिंगच्या आधी आरटीओत विचारा. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरने भाड्याने मुरूम वाहिला आणि अपघात झाला तर विमा नाकारला जाऊ शकतो.

डिलिव्हरीला चासी प्लेटवरचा उत्पादनाचा महिना आणि टायरवरचे चार आकडे वाचा. ३५२५ म्हणजे २०२५ चा ३५ वा आठवडा. टायर वर्ष-दीड वर्ष जुने असतील तर ट्रॅक्टर उन्हात उभा होता असं समजून भाव करा.

पहिले ५० तास पूर्ण ताकदीचं काम देऊ नका. मग तेल आणि फिल्टर बदला, कारण नव्या गिअरचा बारीक चुरा त्यात उतरलेला असतो. पुढे तास भरोत न भरोत, वर्षातून एकदा तेल बदलायचंच. पावसाळ्यात उभा करताना डिझेलची टाकी पूर्ण भरा, रिकाम्या जागेत दव धरतं आणि पाणी तळाला साचतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अवजार जमिनीवर टेकवून ठेवा आणि स्लॅशरच्या पत्र्याखालचं ओलं गवत खरवडून काढा. ते तसंच राहिलं तर दोन पावसाळ्यांत पत्रा आतून सडतो.