रात्री अकराला दवाखान्यात डिपॉझिट मागितलं, तर काय करायचं?

घरातलं माणूस अचानक कोसळलं की आपण आधी रिक्षा शोधतो आणि मग पैसे. मेहुण्याला फोन, बचत गटाच्या ताईंना फोन, आणि सकाळी सराफाचं दुकान उघडलं की मंगळसूत्र. मी बरीच वर्षं आमच्या वस्तीतल्या लोकांबरोबर दवाखान्यांत जाते आहे. एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली: मदत होती, पण ती मागायची वेळ निघून गेल्यावर कळली. एका बाईंनी मुलाच्या ऑपरेशनसाठी कानातलं-गळ्यातलं गहाण टाकून बिल भरलं. तो दवाखाना धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टचा होता. गरिबांच्या राखीव खाटांचा फलक त्या रोज बसायच्या त्या बाकाच्याच मागे लावलेला होता. डिस्चार्ज झाल्यावर चार दिवसांनी त्या माझ्याकडे आल्या. तोवर फार काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं.

म्हणून सगळ्यात आधी हे मनात पक्कं करा. महाराष्ट्रात उपचारांसाठीची जवळजवळ सगळी सरकारी मदत पेशंट दवाखान्यात असतानाच मागावी लागते. ती तुमच्या हातात येत नाही, दवाखान्यालाच मिळते. एकदा तुम्ही बिल भरून घरी आलात की ते पैसे कोणी परत देत नाही. त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, याला इथे फार महत्त्व आहे.

१. गाडी बोलवतानाच दवाखाना ठरवा

१०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका फुकट असते आणि तिच्यात डॉक्टर असतो. गरोदर बाई किंवा वर्षाच्या आतलं बाळ असेल तर १०२. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं, तर सिझेरियन, रक्त, औषधं, जेवण आणि घरी सोडण्याची गाडी, सगळं मोफत असतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून सुरू आहे, तरी अजून पुष्कळ घरांत गाडीभाडं उसनं काढलं जातं.

जवळ सरकारी दवाखाना असेल तर आधी तिथेच जा. आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. ससून, जे. जे., घाटी ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि केईएम, सायन, नायर ही मुंबई महापालिकेची रुग्णालयं यात येत नाहीत. तिथे थोडंफार शुल्क असतं, पण ते खासगीच्या मानाने किरकोळ, आणि तेही माफ करून घेता येतं.

पण पेशंटचा श्वास अडकत असेल, छातीत दुखत असेल, रक्त थांबत नसेल, तर योजना-बिजना काही बघू नका. सर्वांत जवळच्या दवाखान्यात न्या, मग तो कितीही महागडा असो. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचं काम आधी. पोलिसांचे कागद नंतर. पेशंट सावरला की दुसरीकडे हलवता येतं.

२. दोन माणसं लागतात

एक जण पेशंटजवळ, दुसरा कागदांच्या आणि खिडक्यांच्या मागे. ही वाटणी पहिल्या तासातच करा. एकटं माणूस आयसीयूच्या दारात बसतं, सही मागितली की सही करतं आणि पैसे मागितले की पैसे शोधायला निघतं. त्याला चौकशी करायला उसंतच मिळत नाही. घरात दुसरं कोणी नसेल तर शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला बोलवा, आशाताईंना फोन करा. कागदांवर धावणाऱ्याला शिक्षण फार नसलं तरी चालतं, पण तो न लाजता विचारणारा हवा.

३. डिपॉझिट भरण्याआधी विचारायच्या दोन गोष्टी

पहिली: "इथे महात्मा फुले योजना आहे का? आरोग्यमित्र कुठे बसतात?"

पूर्ण नाव महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, म्हणून जुनी माणसं अजून 'जीवनदायी'च म्हणतात. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारतबरोबर चालते. वर्षाला एका कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात. पूर्वी ती पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरती होती, आता पांढरं कार्डही चालतं. योजनेत असलेल्या दवाखान्याला 'अंगीकृत' म्हणतात आणि प्रत्येक अंगीकृत दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल असतं.

यात तीन ठिकाणी माणसं अडकतात. एक, योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच लागू होते. साधा ताप म्हणून दोन दिवस भरती झालात तर बहुतेक ती मिळणार नाही. दोन, दवाखाना अंगीकृत असला तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही. हृदयासाठी असेल, हाडांसाठी नसेल. म्हणून "योजना आहे का" एवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांनी सांगितलेल्या उपचाराचं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि "हे योजनेत बसतं का" असं विचारा. तीन, कागद जवळ नाहीत म्हणून लोक निमूटपणे पैसे भरतात. आणीबाणीत फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची सोय योजनेतच आहे, कागद मागून देता येतात. आरोग्यमित्र जागेवर नसेल किंवा कोणी दाद देत नसेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा. जवळच्या दुसऱ्या अंगीकृत दवाखान्याचा पत्ताही तिथे मिळतो.

योजनेच्या पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं आणि पेशंटचं जेवण धरलेलं असतं. तरी औषध बाहेरून आणायला सांगितलं, तर ती चिठ्ठी आणि बिल जपून ठेवा आणि त्याच दिवशी आरोग्यमित्राला दाखवा.

दुसरी: "हा दवाखाना धर्मादाय आहे का? समाजसेवा अधीक्षक कुठे भेटतील?"

समाजसेवा अधीक्षक म्हणजे गरीब पेशंटांच्या मदतीचं काम बघणारा दवाखान्यातला माणूस. लोकांना सर्वांत कमी माहीत असते ती हीच वाट. मोठी, चकाचक दिसणारी कितीतरी रुग्णालयं सार्वजनिक ट्रस्टची असतात. ट्रस्टला सवलती मिळतात, त्या बदल्यात कायद्याने काही बांधिलकी येते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी राखायच्या आणि त्यांच्यावर मोफत उपचार करायचे. आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी, सवलतीच्या दरात. यासाठी इतर पेशंटांच्या बिलांतून २ टक्के रक्कम बाजूला काढून निर्धन रुग्ण निधी साठवला जातो. म्हणजे तिथे तुम्ही भीक मागत नसता, तुमच्यासाठी ठेवलेले पैसे मागत असता. आवाज दबू देऊ नका.

याच योजनेत आणखी एक कलम आहे: आणीबाणीत अशा रुग्णालयाने पेशंटला ताबडतोब दाखल करून घ्यायचं, जीव वाचवण्याचे उपचार द्यायचे आणि त्यासाठी डिपॉझिट मागायचं नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा: "हे धर्मादाय रुग्णालय आहे, इमर्जन्सी आहे, डिपॉझिट मागता येत नाही." शांतपणे, हात जोडून म्हटलंत तरी चालेल.

निर्धन कोण आणि दुर्बल कोण हे वार्षिक उत्पन्नावरून ठरतं. मर्यादा अधूनमधून वाढते, म्हणून ऐकीव आकड्यावर विसंबू नका, दवाखान्यातल्या फलकावरचा आकडा बघा. पुरावा म्हणून रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

"खाटा भरल्या आहेत," असं उत्तर हमखास येतं. कधी ते खरंही असतं. अशा वेळी "आज किती राखीव खाटा, किती भरलेल्या, तेवढं लिहून द्या" असं म्हणा. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा खाट निघते, हे मी स्वतः पाहिलं आहे. नाही निघाली तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करा. रात्री ते कार्यालय बंद असतं, तेव्हा तारीख, वेळ आणि नकार देणाऱ्याचा हुद्दा वहीत टिपून ठेवा.

दवाखाना अंगीकृतही नाही आणि धर्मादायही नाही, असं निघालं तर डॉक्टरांना सरळ विचारा: "पेशंट हलवण्यासारखा कधी होईल?" तेवढ्या वेळापुरतेच पैसे भरा आणि दरम्यान दुसऱ्या माणसाने दुसरी खाट पक्की करून ठेवावी.

४. अपघात असेल तर

रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने २०२५ मध्ये रोकडविरहित उपचारांची योजना आणली. अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत, नेमलेल्या दवाखान्यांत. ११२ वर फोन करून पोलिसांना कळवणं इथे गरजेचं आहे, कारण अपघाताची नोंद त्यांच्याकडूनच होते. जखमीला घेऊन येणाऱ्या वाटसरूला अडकवून ठेवता येत नाही, तसं संरक्षण मोटार वाहन कायद्यात आहे. हे चारचौघांत सांगत राहा, कारण पोलिसांच्या फेऱ्यांच्या भीतीने माणसं रस्त्यावर तशीच पडून राहतात.

५. तरीही खर्च उरला, तर मुख्यमंत्री सहायता निधी

योजनेत उपचार बसत नाही, धर्मादाय खाट मिळाली नाही, आणि समोर लाखाचा अंदाज आहे. अशा वेळी हा अर्ज करा. टोल फ्री क्रमांक १८०० १२३ २२११. प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात याचा कक्ष आहे, त्यामुळे आता मंत्रालयापर्यंत जावं लागत नाही. अर्जासोबत लागतात:

– पेशंटचं आधार (लहान बाळ असेल तर आईचं) आणि रेशनकार्ड
– तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, १ लाख ६० हजारांच्या आतला
– दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक. खासगी दवाखान्याचं असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही-शिक्का
– आजाराचे रिपोर्ट, पेशंट भरती असल्याचा फोटो
– अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसीची (पोलीस केस म्हणून दवाखान्याने केलेल्या नोंदीची) प्रत

दवाखाना या निधीकडे नोंदलेला आहे का, ते आधी विचारा. नसेल तर बाकीची सगळी धावपळ फुकट जाते. आणि मदत पूर्ण बिलाइतकी मिळेल असं धरून चालू नका, हा काही हिस्सा असतो. उरलेल्यासाठी प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासासारखे ट्रस्ट अर्ज घेतात. समाजसेवा अधीक्षकांकडे अशा ट्रस्टांची यादी असते, ती मागून घ्या. एकाच दिवशी चार-पाच ठिकाणी अर्ज टाका, एकाच्या उत्तराची वाट बघत दुसरा अडवून ठेवू नका.

यातल्या कुठल्याच सरकारी अर्जाला पैसे लागत नाहीत. दवाखान्याच्या गेटवर "मी योजना पास करून देतो" म्हणत टक्केवारी मागणारा भेटला, तर त्याच्या हातात मूळ कागद अजिबात देऊ नका.

६. नको ते झालं, तर

बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीत तसं लिहिलेलं आहे. दवाखाना ऐकत नसेल तर ११२ ला फोन करा.

गेलेलं माणूस घरातलं कमावतं असेल, १८ ते ५९ वयाचं असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत करायचा. त्याच खिडकीवर विधवा बाईने संजय गांधी निराधार अनुदानाचाही अर्ज भरावा. दर महिन्याला येणारे ते पैसे पुढे घराला आधार देतात. शेतकरी कुटुंब असेल आणि मृत्यू अपघाताने, वीज पडून किंवा साप चावून झाला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. बांधकामावर जाणारा माणूस बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदलेला होता का, पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) कापली जात होती का, हेही तपासा. दुःखात हे सुचत नाही, म्हणून हे काम दिराने, भाच्याने, शेजाऱ्याने अंगावर घ्यावं.

७. हे मात्र आजच करून ठेवा

दाखला वेळेवर हातात नसतो, आणि मदत तिथेच अडते. तलाठ्याचा अहवाल, आपले सरकार सेवा केंद्रातला अर्ज, मग तहसीलदारांची सही, यात कधीकधी दोन आठवडे जातात. पेशंट आयसीयूत असताना दोन आठवडे कोणाकडे असतात? म्हणून दर वर्षी एप्रिल-मे महिन्यात, मुलांच्या शाळेसाठी दाखला काढता तेव्हाच घरासाठी एक जादा काढा. अगदीच अडलात तर दवाखान्याचं पत्र घेऊन थेट तहसीलदारांना भेटा आणि "वैद्यकीय कारणासाठी तातडीने" असं अर्जात लिहा.

रेशनकार्ड काढून त्यावरची नावं वाचा. सून घरात येऊन सहा वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्याच कार्डावर असतं, धाकट्याचं नाव कुठेच नसतं, आणि आधारवर 'सुनिता' तर रेशनवर 'सुनीता' असतं. अशा फरकांवरून रात्री दोनला वाद घालावा लागतो. आयुष्मान कार्डाचं ई-केवायसी राहिलं असेल तर आशाताईंकडे किंवा सेवा केंद्रात करून घ्या.

मग रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डं आणि दाखला यांचे स्वच्छ फोटो काढा, आणि ते एकाच्या नाही, घरातल्या दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवा. मूळ कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी कुठे टांगली आहे, ते घरातल्या दहा वर्षांच्या मुलीलाही दाखवून ठेवा. दाराच्या आतल्या बाजूला, मुलांच्याही हाताला येईल अशा उंचीवर एक कागद चिकटवा: १०८, १०२, ११२, १५५३८८.