परसातली स्वयंचलित वेधशाळा : या चुका टाळा

वेधशाळा स्वयंचलित करायला घेतलेला माणूस बहुधा छायाचित्रणापासून सुरुवात करतो. लक्ष्य आपोआप शोधणे, फोकस लावणे, तारा मध्यमंडल (आकाशाची उत्तर-दक्षिण मधली रेषा) ओलांडल्यावर दुर्बीण दुसऱ्या बाजूला वळवून काम पुढे चालू ठेवणे, हे सगळे आधी जमवले जाते आणि छप्पर आपणहून बंद होण्याची सोय ‘नंतर बघू’ म्हणून मागे राहते. कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जिथे एप्रिल-मे महिन्यांत वळीव तासाभरात चढून येतो, हा क्रम उलटा असला पाहिजे. आधी छप्पर बंद करता आले पाहिजे, मग ते उघडण्याचा विचार करावा.

पन्हाळा रस्त्यालगतच्या आमच्या परसात सरकत्या छपराची लहानशी खोली आहे. पहिल्याच उन्हाळ्यात, रात्री पावणेदोनच्या सुमारास, जोतिबाच्या डोंगराकडून ढग आले. ढगांचा आणि पावसाचा असे दोन्ही सेन्सर नीट काम करत होते. परंतु त्यांचा निरोप वाय-फायवरून छपराच्या नियंत्रकाकडे जात असे आणि घरातला राउटर इन्व्हर्टरवर घेतलेला नव्हता. वाऱ्याने वीज गेली, राउटर बंद पडला, निरोप पोहोचला नाही, आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या नियंत्रकाने, काही कळवले गेले नाही म्हणजे सर्व ठीक आहे असे धरून, छप्पर उघडेच ठेवले. पत्र्यावर थेंब वाजू लागल्यावर मला जाग आली. धावत जाऊन हाताने छप्पर ओढले तोवर भिंगावर पाणी होते आणि कॅमेऱ्याच्या पंख्याच्या जाळीतूनही पाणी आत गेले होते.

या प्रसंगात एकही उपकरण बिघडलेले नव्हते. चूक रचनेत होती, आणि ती फार सर्वसाधारण आहे : धोक्याचा निरोप आला तर बंद कर, अशी आज्ञा दिलेली होती. ती ‘सुरक्षित आहे असा निरोप येत नसेल तर बंद कर’ अशी हवी. सेन्सरने दर काही सेकंदांनी सर्व ठीक असल्याचे कळवत राहावे आणि ठरावीक वेळ निरोप थांबला, मग कारण वीज असो, राउटर असो, तुटलेली वायर असो की अडकलेला संगणक, नियंत्रकाने छप्पर लावून घ्यावे. मी ही मर्यादा 60 सेकंद ठेवली आहे. शिवाय पावसाचा सेन्सर वायरने थेट नियंत्रकाला जोडावा. त्याच्या आणि मोटारीच्या मध्ये संगणक, वाय-फाय किंवा इंटरनेट यांपैकी काहीही नसावे. निना असो वा केस्टार्समधले एकॉस, छायाचित्रण चालवणाऱ्या या संगणक प्रणालींना सुरक्षिततेची स्थिती कळवून छायाचित्रण थांबवायला आणि दुर्बीण पार्क करायला, म्हणजे ठरलेल्या विश्रांतीच्या स्थितीत आणायला, जरूर सांगावे, पण छप्पर लावायचे की नाही हा शेवटचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये.

छप्पर टोकाला पोहोचताच मोटार थांबवणारे, दोन्ही टोकांना बसवलेले लिमिट स्विच ‘नॉर्मली क्लोज्ड’ (एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा विद्युतमार्ग) पद्धतीने जोडावेत, म्हणजे उंदराने वायर कुरतडली तर मोटार थांबते; उलट पद्धतीने जोडलेल्या स्विचची वायर तुटल्यास मोटार टोकाला धडकूनही ढकलत राहते. सरकत्या गेटची मोटार या कामाला चांगली, कारण तिच्यात किल्लीने गिअर सोडवून हाताने ढकलण्याची सोय असते. ती मात्र बॅटरीवर चालणारी घ्यावी. संपूर्ण व्यवस्थेची परीक्षा भर दुपारी, आकाश स्वच्छ असताना घ्यावी : छप्पर उघडे ठेवून मुख्य एमसीबी खाली पाडावी आणि हाताची घडी घालून पाहत उभे राहावे. नंतर संगणक मध्येच बंद करून, मग सेन्सरची वायर काढून, हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

छप्पर दुर्बिणीला धडकणे हा याला जोडूनच येणारा प्रश्न आहे. माउंट, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणारे यंत्र, ‘पार्क झालो’ असे सांगतो ते त्याच्या हिशेबाने. क्लच घसरला असेल तर दुर्बीण प्रत्यक्षात भलत्याच दिशेला उभी असते. म्हणून नळीवर चुंबक आणि तिच्या खांबाजवळ रीड स्विच (चुंबक जवळ येताच जुळणारा स्विच) लावून ती खरोखर जागेवर आली आहे का, हे स्वतंत्रपणे तपासावे. तथापि, माझ्या मते, भिंती अजून हातभर उंच घेऊन दुर्बीण कोणत्याही स्थितीत छपराखाली मावेल अशी रचना करता आली, तर तो उपाय सर्व सेन्सरांपेक्षा श्रेष्ठ आहे. अशा छपराला कोणाच्याही परवानगीवाचून केव्हाही बंद होता येते.

मात्र भिंतींची उंची ठरवताना आपला अक्षांश विसरून चालत नाही, आणि इथेच परदेशी आराखडे जसेच्या तसे उचलणाऱ्यांची फसगत होते. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे 16.7 अंश आहे, म्हणजे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून साधारण तेवढाच वर दिसतो. मध्य युरोपात तो 50 अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे तिथे छप्पर उत्तरेकडे सरकवले तरी काही अडत नाही. इथे तसे केले तर ध्रुव छपरामागे जातो. हिशेब सोपा आहे : खांबापासून उत्तरेची भिंत दीड मीटर दूर असेल, तर तिचा माथा दुर्बिणीच्या अक्षापेक्षा 45 सेंटिमीटरहून अधिक उंच असता कामा नये. भिंती उंच घ्यायच्याच असतील, तर उत्तरेच्या भिंतीचा वरचा भाग बिजागरीवर खाली पाडता येईल असा करावा. छप्पर दक्षिणेकडे सरकवणे त्याहून वाईट, कारण आपल्या अक्षांशाचे खरे वैभव तिकडे आहे. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ इथे मध्यमंडलावर सुमारे 26 अंश वर येतो, नौकातल तारकासमूहातला ईटा कॅरिनीचा तेजोमेघही 13-14 अंशांपर्यंत चढतो. लंडनच्या निरीक्षकाला हे दोन्ही कधीच दिसत नाहीत. मी छप्पर पूर्वेकडे सरकवतो. त्यामुळे नुकत्याच उगवलेल्या लक्ष्यांना आडोसा होतो, पण क्षितिजालगत असताना त्यांची छायाचित्रे तशीही कोणी घेत नाही.

याच अक्षांशामुळे विषुववृत्तीय माउंटचा, आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला, ध्रुवीय अक्ष बराच आडवा राहतो आणि तोल साधणाऱ्या वजनाचा दांडा खांबाला किंवा तिवईच्या पायाला आपटण्याचा संभव वाढतो. माउंट घेण्यापूर्वी तो किती अक्षांशापर्यंत खाली झुकतो हे पाहावे आणि खांबाचा माथा अरुंद ठेवावा. ध्रुव जुळवणी करताना, म्हणजे हा अक्ष ध्रुवाकडे अचूक रोखताना, ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे 0.6 अंश दूर आहे हे बहुतेकांना ठाऊक असते; इतक्या कमी उंचीवर वातावरणीय वक्रीभवनामुळे तो तीनेक कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर उचललेला दिसतो, हे मात्र लक्षात घेतले जात नाही. हिवाळ्यात उत्तरेकडचे क्षितिज धुरकट असले की तो दिसतही नाही. अशा वेळी तारे ओळखून जुळवणी करणारी तीन बिंदूंची पद्धत किंवा ताऱ्याचे सरकणे पाहून जुळवणारी जुनी ड्रिफ्ट पद्धत अधिक भरवशाची ठरते.

दुर्बीण पहिल्याच रात्री लक्ष्यापासून दूर कुठेतरी वळली, तर माउंटला दोष देण्यापूर्वी घड्याळ तपासावे. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. हँड कंट्रोलरमध्ये नुसते 5 भरले गेले, तर अर्ध्या तासाचा फरक पडतो आणि आकाशात तो साडेसात अंशांचा होतो. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणारे ‘डेलाइट सेव्हिंग’ चुकून चालू राहिले, तर पूर्ण 15 अंश. रेखांश 74.2 अंश पूर्व आहे, पश्चिम नव्हे, हेही एकदा पाहून घ्यावे.

खांबाच्या पायाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ही चूक नंतर दुरुस्त होत नाही. पंचगंगेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर दीड-दोन फूट खोल काँक्रीट ओतून उभारलेला खांब दिसायला भक्कम असतो, पण ऋतू बदलला की हळूहळू कलतो, आणि मेमध्ये केलेली ध्रुव जुळवणी ऑक्टोबरमध्ये चुकलेली सापडते. मुरूम लागेपर्यंत खोदावे, काँक्रीटला पुरते 28 दिवस पाणी मारावे आणि खोलीची फरशी खांबाला कोठेही चिकटू देऊ नये. मधल्या बोटभर फटीत थर्मोकोल ठेवून फरशी करावी आणि नंतर तो काढून टाकावा, म्हणजे चालण्याचा हादरा दुर्बिणीपर्यंत पोहोचत नाही. वरचा भाग लोखंडी पाइपचा असेल तर तो कोरड्या वाळूने भरावा. हाताने ठोकून पाहिले की रिकामा पाइप घंटेसारखा घुमतो आणि भरलेला ठप्प असा बोलतो, यावरून फरक लगेच कळतो. माथ्यावरच्या पट्टीसाठी परदेशातून काही मागवण्याचे कारण नाही. मापाचे रेखाचित्र घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलात, तर तिथले लेथ कारागीर हे काम सफाईने करून देतात. नदीकाठच्या गावांतील मंडळींनी 2019 आणि 2021 च्या महापुराचे पाणी आपल्या परसात कुठवर आले होते, ते पाहूनच जागा निवडावी.

ढगांचा सेन्सर आकाशाचे अवरक्त तापमान मोजतो आणि ते हवेच्या तापमानाहून किती कमी आहे, यावरून आकाश स्वच्छ आहे की नाही ते ठरवतो. कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो, दमट हवेत स्वच्छ आकाशातही तो कमी होतो. त्यामुळे कोरड्या प्रदेशातल्या कोणाची तरी मर्यादा उचलून वापरली, तर छप्पर विनाकारण बंद होत राहते, आणि वैतागून ती सैल केली की खरा ढगही सुटतो. महिनाभर स्वतःची नोंद ठेवून प्रत्येक ऋतूसाठी वेगळी मर्यादा ठरवणे हाच योग्य मार्ग आहे.

संगणक घरात ठेवून लांबलचक यूएसबी केबल ओढू नये; यूएसबी 2 ची मर्यादा 5 मीटर आहे आणि त्यापुढे कॅमेरा मध्येच गायब होण्याची तक्रार सुरू होते. छोटा संगणक खांबालाच बांधावा आणि घरापर्यंतचा दुवा ऑप्टिकल फायबरने करावा, कारण तांब्याची लांब तार जवळ पडलेल्या विजेचा झटका थेट यंत्रांपर्यंत आणते. वेधशाळेला स्वतंत्र अर्थिंग आणि सर्ज संरक्षण हवेच, परंतु गडगडाट सुरू झाल्यावर प्लग प्रत्यक्ष काढून ठेवण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

ऊस गाळपाच्या हंगामात पाचट जाळल्याची काजळी उघड्या दुर्बिणीवर उतरते. ती कापडाने कधीही पुसू नये. आधी हाताच्या ब्लोअरने उडवावी. नदीकाठी आणि भिजवलेल्या उसाजवळ दव मध्यरात्रीपूर्वीच पडू लागते, म्हणून भिंगाचा हीटर दव दिसल्यावर नव्हे, तर छप्पर उघडतानाच चालू व्हावा. कॅमेऱ्याचे तापमान उणे 10 वर ठेवण्याचा आग्रह मात्र सोडावा. उन्हाळी रात्री बाहेर 27-28 अंश असताना ते टिकवायला कूलर पूर्ण शक्तीवर धावतो आणि तरीही तापमान हलत राहते, परिणामी डार्क फ्रेम (कॅमेऱ्याचे दोष वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेली छायाचित्रे) जुळत नाहीत. वर्षभर सहज टिकेल असे शून्य किंवा उणे 5 ठरवून त्याच तापमानाचे डार्क संग्रही ठेवावेत.

जूनमध्ये दुर्बीण आणि कॅमेरा खोलीतून काढून सिलिका जेल असलेल्या हवाबंद पेटीत ठेवावेत. पावसाळाभर बंद खोलीत राहिलेल्या भिंगावर बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप कायमचा खाऊन टाकते. ऑक्टोबरमध्ये वेधशाळा पुन्हा उघडताना मोटार लगेच चालू करू नये. एका वर्षी आमचे छप्पर पूर्ण लागायला वीतभर बाकी असताना थांबू लागले. मी नियंत्रकाची आज्ञावली दोन संध्याकाळी तपासत बसलो, आणि अखेर टॉर्च घेऊन पाहिले तेव्हा लिमिट स्विचच्या पातीमागे कुंभारीण माशीने बोराएवढे मातीचे घर बांधलेले आढळले. पाती त्यामुळे वेळेआधीच दाबली जात होती. तेव्हापासून हंगामाच्या सुरुवातीला मी रूळ, चाके, मोटारीचा दात्यांचा पट्टा आणि प्रत्येक स्विच कोरड्या ब्रशने साफ करतो, छप्पर दहा वेळा हाताने उघडझाप करून पाहतो, आणि पहिल्या चार रात्री ते स्वयंचलित चालत असले तरी परसातच खाट टाकून झोपतो.