हल्ल्यानंतर पक्षापक्षांत पेटलेला वाद: कोण नेमकं कशावर भांडतंय हे कसं ओळखायचं

शत्रूराष्ट्राने हल्ला केला की पहिले एक-दोन दिवस सगळे पक्ष एका सुरात बोलतात. मग हळूहळू आवाज चढतात, सभात्याग होतात, कोणाला देशद्रोही ठरवलं जातं तर कोणाला युद्धखोर. ऐकणाऱ्याला वाटतं की भांडण एकच आहे: लढायचं की नाही. खरं तर एकाच वेळी चार-पाच वेगळे वाद चालू असतात आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे गदारोळ होतो. ते सुटे करणं फार अवघड नाही.

एक मोठा कागद घ्या आणि त्यावर चार रकाने आखा: तारीख आणि वेळ, बोलणाऱ्याचं नाव व पद, नेमका दावा, आणि त्या दाव्याला दिलेला आधार. डावीकडे समासात प्रश्नाचा आकडा घालायचा. प्रश्न पाच आहेत. 1: हल्ला कोणी केला? 2: उत्तर काय, किती आणि कधी द्यायचं? 3: ते ठरवायचा अधिकार कोणाचा? 4: हल्ला होऊ कसा दिला, जबाबदार कोण? 5: देशाच्या आत कोणते निर्बंध लादायचे आणि ते कधी उठवायचे?

एका भाषणाला एकच आकडा देऊ नका, वाक्यं तोडा. ‘सरकार झोपलं होतं, आता तरी शत्रूला धडा शिकवा’ यातला पहिला अर्धा भाग 4 मध्ये जातो, दुसरा 2 मध्ये. त्यावर ‘सैन्याचं मनोबल खच्ची करू नका’ असं उत्तर आलं, तर त्याने पाचपैकी कशाचंच उत्तर दिलेलं नाही. समासात शून्य लिहा. दोन दिवसांत कोणत्या बाजूची शून्यं जास्त झाली ते दिसतं, आणि बहुतेक वेळा ती दोन्हीकडे असतात.

हा विभागणीचा मुद्दा किती कामाचा आहे ते दक्षिण कोरियाच्या 2010 सालात स्वच्छ दिसतं. 26 मार्चच्या रात्री पीत समुद्रात बेंगन्योंग बेटाजवळ ‘चेओनान’ ही युद्धनौका स्फोटाने दुभंगली. 104 पैकी 46 नौसैनिक गेले. हल्लेखोर कोणाला दिसला नव्हता, त्यामुळे सगळा वाद पहिल्या प्रश्नावर अडकला: पाणतीर (टॉर्पेडो), सुरुंग की जहाजातलाच अपघात? आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचा समावेश असलेल्या तपास पथकाने 20 मे रोजी उत्तर कोरियाच्या पाणतीराकडे बोट दाखवलं. समुद्रतळातून काढलेले पाणतीराचे भाग, त्यांवर हाताने लिहिलेला ‘1 क्रमांक’ आणि धातूचे नमुने हा त्यांचा पुरावा होता. पण स्थानिक निवडणुका 2 जूनला होत्या. निष्कर्षाची तारीख आणि प्रचाराचे दिवस एकत्र आल्याने विरोधकांनी हेतूवरच शंका घेतली. सत्ताधारी पक्षाला प्रांत आणि महानगरांच्या 16 प्रमुखपदांपैकी 6 मिळाली. जूनअखेर संसदेत निषेधाचा ठराव मंजूर झाला तोही मतविभाजनाने, विरोधी बाकांवरच्या अनेकांनी विरोधात मत दिलं.

त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला उत्तर कोरियाने येओनप्योंग बेटावर दिवसाढवळ्या तोफगोळे डागले. दोन मरीन सैनिक आणि दोन नागरिक मृत्युमुखी पडले. कोणी केलं याबद्दल कोणालाच शंका नव्हती. दोन दिवसांत संसदेने जवळपास एकमताने निषेध केला. पण वाद संपला नाही, तो लगेच दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नावर सरकला. पहिलं प्रत्युत्तर द्यायला सुमारे 13 मिनिटं लागली, ती का? 80च गोळे का डागले? विमानं का वापरली नाहीत? या भडिमारात संरक्षणमंत्र्यांना जावं लागलं. देश तोच, पक्ष तेच, शत्रूही तोच. बदलला तो पुराव्याचा प्रकार, आणि त्याबरोबर वादाचं तोंडही फिरलं. म्हणून कागदावर पहिला प्रश्न मिटला की नाही हे आधी नोंदवा. तो मिटलेला नसताना दुसऱ्या प्रश्नावरची चर्चा ऐकणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे.

पहिल्या प्रश्नाबाबत खबरदारीही हवी. पहिल्या 48 तासांतली माहिती पेन्सिलने लिहा. ऑगस्ट 1964 मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात 2 तारखेला अमेरिकी नौकेवर खरोखर हल्ला झाला होता. 4 तारखेचा दुसरा हल्ला मात्र झालाच नव्हता. वादळी रात्री रडार आणि सोनार (पाण्याखालचे आवाज टिपणारं यंत्र) यांच्या चुकीच्या वाचनावर तो उभा राहिला. तीन दिवसांत, 7 ऑगस्टला, अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ठराव केला: प्रतिनिधिगृहात 416 विरुद्ध 0, सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2.

याच ठरावावरून पुढची पायरी शिकायची: मतांचा आकडा पाहण्याआधी ठरावाची भाषा वाचा. चार गोष्टी शोधा. शत्रूचं नाव आहे का? प्रदेशाची मर्यादा आहे का? कोणती साधनं वापरायची हे सांगितलं आहे का? आणि मुदत किती? टोंकिन ठरावाने राष्ट्राध्यक्षांना ‘आवश्यक ते सर्व उपाय’ करायची मोकळीक दिली आणि तारखेची मुदत ठेवलीच नाही. तो रद्द व्हायला जानेवारी 1971 उजाडलं. एकमुखी ठराव पाहून समाधान मानणाऱ्यांची फसगत इथेच होते. एकमत निषेधावर होतं की कोऱ्या धनादेशावर, हे मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही. मतदानाच्या यादीत ‘विरोधात’, ‘तटस्थ’ आणि ‘गैरहजर’ हे तीन वेगळे धरा. पक्षातली फूट सहसा गैरहजरांच्या यादीत लपलेली असते.

तिसऱ्या प्रश्नासाठी भाषणांपेक्षा घड्याळ बघा. अनेक देशांच्या कायद्यात मुदती ठरलेल्या असतात, त्या कागदाच्या माथ्यावर आधीच लिहून ठेवा. अमेरिकेत 1973च्या युद्धाधिकार ठरावानुसार सैन्य संघर्षात उतरवल्यापासून 48 तासांत काँग्रेसला कळवावं लागतं. मंजुरी नसेल तर 60 दिवसांनी मोहीम थांबवावी लागते, माघारीसाठी आणखी 30 दिवस मिळू शकतात. भारतात कलम 352 खालच्या आणीबाणीला मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय लागतो. एका महिन्यात दोन्ही सभागृहांनी ती मंजूर करायची, तीही एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांशांनी. मग दर सहा महिन्यांनी पुन्हा. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर ती नामंजूर करण्याचा विचार करायला 14 दिवसांत खास बैठक घ्यावी लागते. हे माहीत असलं की ‘सरकारने संसदेला विचारलंच नाही’ या आरोपात दम किती ते स्वतः तपासता येतं.

आणखी एक कागद हमखास दुर्लक्षित राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम 51 नुसार स्वसंरक्षणासाठी बळ वापरणाऱ्या देशाने ते सुरक्षा परिषदेला ताबडतोब कळवायचं असतं. ते पत्र सार्वजनिक असतं. त्यात सरकारने हल्ल्याचं वर्णन कसं केलंय, हल्लेखोर म्हणून कोणाचं नाव घेतलंय, ते सभागृहातल्या भाषणाशेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहा. भाषणात शत्रूराष्ट्राचं नाव गर्जून घेतलेलं आणि पत्रात शब्द मोजून वापरलेले, असं आढळलं तर वादातली खरी अडचण तिथेच आहे.

चौथा प्रश्न सगळ्यात तापतो, आणि इथे आमचं मत ठाम आहे: ‘आत्ता प्रश्न विचारू नका’ हे उत्तर चालत नाही. ‘आत्ता नाही, अमुक तारखेला, अमुक समितीपुढे’ हे चालतं. 2 एप्रिल 1982 ला अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली. दुसऱ्या दिवशी, शनिवार असूनही, ब्रिटिश संसद बसली. विरोधी पक्षनेते मायकेल फूट यांनी आक्रमणाचा निषेध केला आणि त्याच भाषणात सरकारलाही फैलावर घेतलं. 5 तारखेला परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी राजीनामा दिला, त्याच दिवशी आरमार निघालं. लढाई संपल्यावर जुलैत फ्रँक्स समिती नेमली गेली आणि जानेवारी 1983 मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्या अहवालाने सरकारला बरंच मोकळं सोडलं अशी टीका झाली, ती रास्तही आहे, पण टीका करायला कागद तरी हातात होता.

1962 मध्ये भारतात यातला पहिला भाग, म्हणजे संसदेतली चर्चा, नीट झाला. 20 ऑक्टोबरला चीनचं आक्रमण सुरू झालं, अटलबिहारी वाजपेयींसारख्या विरोधकांनी अधिवेशन लवकर बोलवायचा आग्रह धरला, नेहरूंनी ते मानलं आणि 8 नोव्हेंबरपासून लढाई चालू असतानाच खुली चर्चा झाली. संरक्षण खातं सोडावं लागलेले कृष्ण मेनन त्याआधी मंत्रिमंडळातूनही बाहेर पडले होते. नंतर यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावून संरक्षण खातं दिलं गेलं. पण पराभवाची कारणं तपासणारा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्यामुळे त्या युद्धाबद्दलचा चौथ्या क्रमांकाचा वाद आजही दर निवडणुकीत नव्याने उकरता येतो. म्हणून चौकशीच्या घोषणेपुढे तीन गोष्टी लिहा: अध्यक्ष कोण, अहवालाची मुदत काय, आणि तो पटलावर ठेवण्याचं वचन आहे का. तिसरी जागा रिकामी असेल तर तिला लाल खूण करा.

सर्वपक्षीय बैठकीच्या बातम्या जपून नोंदवा. बंद दाराआड दिलेली माहिती दोन्ही बाजू आपापल्या सोयीने सांगतात. बैठकीला सरकारचा प्रमुख स्वतः हजर होता का, गुप्त माहिती दाखवली की नुसती निवेदनं वाचली, आणि बाहेर आल्यावर विरोधकांची मागणी बदलली का, एवढंच टिपा. मागणी बदलली असेल तर आत काहीतरी ठोस दाखवलं गेलं असण्याची शक्यता जास्त.

पाचव्या प्रश्नाच्या नोंदी सर्वांत शेवटपर्यंत उघड्या ठेवाव्या लागतात. 1962च्या लढाईत चीनने 21 नोव्हेंबरला युद्धविराम जाहीर केला, पण 26 ऑक्टोबरला पुकारलेली आणीबाणी उठली ती जानेवारी 1968 मध्ये. तोफा थांबल्या की बातम्या थांबतात, निर्बंध चालूच राहतात. प्रत्येक निर्बंधापुढे तो ज्या आदेशाने आला त्याची तारीख लिहा आणि तो मागे घेतल्याचा आदेश हाती येईपर्यंत ती ओळ खोडू नका.