सॉकेट जुळलं म्हणजे झालं? घरच्या कॉम्प्युटरचे पार्ट असे निवडा

मुलांचा अभ्यास, एक्सेल, यूट्यूब आणि कधीतरी एखादा हलका गेम, एवढ्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. आधी प्रोसेसर ठरवा आणि त्याच्या नावातलं शेवटचं अक्षर नीट वाचा. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं, नुसत्या ५६०० मध्ये नसतं. इंटेलच्या आय३-१२१०० मध्ये असतं, १२१००एफ मध्ये नसतं. एफवाला स्वस्त पडतो म्हणून लोक उचलतात, आणि मदरबोर्डाच्या एचडीएमआयला मॉनिटर जोडून काळ्या पडद्याकडे बघत बसतात. मी इथे ५६००जी धरून चालतो. त्याच्यासोबत येणारा पंखा घरगुती कामाला पुरतो, वेगळा कूलर नको.

आता मदरबोर्ड, म्हणजे बाकी सगळे पार्ट ज्याला जोडले जातात तो मुख्य बोर्ड. इथे मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा सविस्तर.

ज्याला विचाराल तो सांगेल, "सॉकेट जुळलं की झालं." नाही होत. ५६००जी एएम४ सॉकेटमध्ये (बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या खाचेत) बसतो आणि बी४५० बोर्डालाही एएम४ सॉकेटच असतं. पण बी४५० बोर्ड २०१८ मध्ये आले आणि ५६००जी २०२१ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डाच्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातच भरलेल्या सॉफ्टवेअरला) हा प्रोसेसर माहीतच नसतो. मग प्रोसेसर अलगद बसतो, पंखे फिरतात, दिवे लागतात, फक्त डिस्प्ले येत नाही.

मेहुण्यासाठी मशीन जोडताना नेमकं हेच झालं. दुकानदार म्हणाला होता, "एएम४ आहे, डोळे झाकून घ्या." मी घेतला. दोन संध्याकाळी रॅम काढून तिचे पिवळे पाय खोडरबराने घासले, केबल बदलली, शेजाऱ्याचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) लावून पाहिला. तिसऱ्या दिवशी एका रिपेअरवाल्याने त्याच्याकडचा जुना रायझन बसवला आणि लगेच डिस्प्ले आला. बायोस अपडेट करून त्याने पाचशे रुपये घेतले, वर विचारलं, "बायोस बघितला नव्हता का साहेब?"

तर पैसे देण्याआधी हे करा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलचं पान उघडा आणि चालणाऱ्या प्रोसेसरची यादी काढा. आपल्या प्रोसेसरच्या ओळीत तो कोणत्या बायोस आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. प्रोसेसर यादीत दिसला म्हणून खूश होऊ नका, तो आवृत्तीचा आकडा महत्त्वाचा. मॉडेलचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. काही बोर्डांच्या कोपऱ्यात रेव्हिजनही (त्याच मॉडेलची सुधारित आवृत्ती) छापलेली असते आणि प्रत्येक रेव्हिजनची यादी वेगळी असू शकते. मग खोक्यावर ‘रायझन ५००० डेस्कटॉप रेडी’चं स्टिकर शोधा. असलं तरी दुकानदाराला सांगा, बायोस अपडेट करून, माझाच प्रोसेसर लावून डिस्प्ले दाखवा, मग पैसे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर हे तिथेच, उभ्या उभ्या करून घ्या. घरी आल्यावर तोच माणूस "उद्या या" म्हणतो.

ए५२० किंवा बी५५० हा त्यानंतरचा बोर्ड घेतला की सुटलो, असंही समजू नका. ते २०२० चे, म्हणजे प्रोसेसरच्या आधीचेच. तरी नवा बोर्ड घ्यायचा असेल तर मी त्यांतलाच घेईन. बी४५० फुकट मिळाला तरच.

काही बोर्डांना मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. चार पैसे जास्त गेले तरी असा बोर्ड घ्या. प्रोसेसर आणि रॅम न लावताही बायोस बदलता येतो: पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव द्यायचं, खूण केलेल्या पोर्टातच लावायचा आणि बटण दाबायचं. दिवा लुकलुकणं थांबेपर्यंत हात लावू नका. वीज जाणाऱ्या गावात हे यूपीएसवरच करा, मध्येच लाइट गेली तर बायोस अर्धवट राहतो.

बोर्डाच्या मागचे पोर्टही बघा. घरातला जुना मॉनिटर व्हीजीएचा असेल तर बोर्डालाही व्हीजीए हवा.

एएम४ ला रॅम डीडीआर४ लागते. इंटेलच्या एच६१० मध्ये डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, नाव वाचून घ्या. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे बसत नसेल तर जोर लावू नका. १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, एका पट्टीवर गेम रखडतात. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा.

फाइली साठवायला एसएसडी एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणारी, ५०० जीबी.

कॅबिनेटमध्ये मायक्रो एटीएक्स (लहान आकाराचा) बोर्ड बसतो का तेवढं पाहा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस मात्र दुकानातच ठेवून या. चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला), ४५० वॉटचा घ्या. या मशीनला तो भरपूर होतो.

सगळं कॅबिनेटमध्ये कोंबण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा, प्रोसेसर, पंखा, रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर जोडा, बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना (मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या) स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवा. डिस्प्ले आला की मगच स्क्रू. आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच मागतात.