बँडसॉच्या ब्लेडचं माप: सुतळी नको
बँडसॉला, म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं ब्लेड फिरणाऱ्या करवतीला, नवं ब्लेड चढवलं; वरचं चाक सरकवून ब्लेड ताणणारा टेन्शनचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी ढिलंच. माप सुतळीने घेतलेलं; टेपवर धरताना ती ताणली की आकडा वाढतो.

मग वरचं चाक सरकण्याच्या जागेच्या मध्यावर आणून मोजलं. चाकाचा व्यास त्याच्या कडेवरच्या रबरासकट ३५० मिमी, दोन्ही चाकांच्या केंद्रांतलं अंतर ६३०. चाकं सारखी असल्याने हिशेब सोपा: ३५० गुणिले ३.१४ म्हणजे १०९९, त्यात ६३० ची दुप्पट १२६०. एकूण २३५९, २३६० चं ब्लेड करून घेतलं, नीट ताणलं गेलं.

३ मिमी जाड रबर धरायचं राहिलं, तर ब्लेड जवळपास १९ मिमी आखूड येतं. तुटलेल्या ब्लेडवरून माप घेताना जुने वेल्ड बघा, प्रत्येक जोडात थोडी लांबी गेलेली असते.