काम सुटलं? भत्त्याच्या अर्जाआधीची तयारी

कंपनीनं "उद्यापासून येऊ नका" म्हटलं की माणूस आधी दुसरं काम शोधायला धावतो, आणि त्यात चूक काहीच नाही. बेकारी भत्त्याचं नंतर बघू, असं ठरतं. दोन-अडीच महिन्यांनी हातातले पैसे सरले, की शेजारचा कोणीतरी सांगतो, अरे, ईएसआयसीतून, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळातून, पैसे मिळतात ना. मग फेऱ्या सुरू होतात. संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथले किंवा जालन्याच्या स्टील कारखान्यांतले जे कामगार या फेऱ्यांत अडकतात, त्यांचा अर्ज भरताना बहुतेक वेळा काही चुकलेलं नसतं. गाडी अडते ती अर्जाच्या आधीच्या गोष्टींवर. पुढे सांगितलेल्या अटल योजनेत काम सुटल्यावर तीस दिवस पूर्ण झाल्याशिवाय अर्ज करताच येत नाही. ही सगळी तयारी त्याच तीस दिवसांत उरकायची आहे.

आधी आपली योजना कोणती ते ठरवा, कारण योजना दोन आहेत. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून चालू आहे. कारखाना कायमचा बंद पडला, कायद्यानं कामगार कपात झाली, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीनं किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर ती लागू होते. पहिले १२ महिने सरासरी रोजाच्या (एका दिवसाच्या सरासरी कमाईच्या) ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के, असा तिचा हिशोब आहे. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ ला प्रायोगिक म्हणून आली आणि तेव्हापासून मुदत वाढवत वाढवत चालली आहे. म्हणून तुमचं काम सुटल्याची तारीख चालू मुदतीत बसते का, हे ईएसआयसीच्या शाखेत पहिल्यांदा विचारून घ्या. तिच्यात सरासरी रोजाच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच मिळतात. बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगारानं घाईनं अटलचा फॉर्म भरू नये, आधी राजीव गांधीचं विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कागद जास्त लागतात, पण दोन वर्षं आणि तीन महिने यांत फरक आहे.

इथेच राजीनाम्याची गोष्ट येते. हिशोब देताना ठेकेदाराचा माणूस एक छापील कागद पुढे करतो, "सही कर, चेक घे." कागदावर लिहिलेलं असतं की मी घरगुती अडचणीमुळे स्वखुशीनं काम सोडत आहे. त्या सहीनंतर राजीव गांधी योजनेचं दार बंद होतं. अटल योजनेतही गैरवर्तनावरून काढलेल्याला आणि स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला भत्ता नाही, त्यामुळे 'स्वखुशीनं' हा शब्द तिथेही नको ते प्रश्न उभे करतो. पैशाची निकड सगळ्यांनाच असते, मला कळतं. तरी सही करण्याआधी कागद वाचा, मोबाइलवर फोटो काढा, आणि 'कंपनीनं काम बंद केल्यामुळे' एवढं तरी लिहून घ्यायचा आग्रह धरा. कोऱ्या कागदावर तर सही नकोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ईएसआयसीच्या नोंदीत तुमची कामाची शेवटची तारीख. बहुतेक उशीर इथूनच जन्माला येतो. मालक दर महिन्याचा ईएसआयसीचा हप्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरतो, आणि कोणता कामगार कोणत्या तारखेला का गेला, हे त्याच भरण्यात टाकतो. समजा तुमचा शेवटचा दिवस ४ ऑगस्ट. तीस दिवस सप्टेंबरच्या सुरुवातीलाच भरतात, पण ऑगस्टचा हप्ता १५ सप्टेंबरपर्यंत भरला जायचा असतो. मधल्या काळात अर्ज केलात, तर नोंदीप्रमाणे तुम्ही अजून कामावरच आहात आणि अर्ज तिथेच थबकतो. त्याहून वाईट म्हणजे कित्येक ठिकाणी शेवटची तारीख टाकतच नाहीत. दिवस शून्य दाखवतात, कारणात काही नाही किंवा 'रजेवर' असं ठेवतात, आणि माणूस महिनोन्‌महिने कागदावर रजेवर राहतो.

त्यामुळे काम सुटल्याच्या आठवड्यातच एचआरला किंवा ठेकेदाराला लेखी कळवा: या महिन्याच्या ईएसआयसी भरण्यात माझी शेवटची तारीख आणि खरं कारण टाकावं. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण ईमेल किंवा पोच घेतलेला अर्ज बरा. कारणांना तिथे क्रमांक आहेत. २ म्हणजे नोकरी सोडली, १० म्हणजे कपात, ११ म्हणजे काम नाही. सवयीनं सगळ्यांना २ लावून मोकळं होण्याची पद्धत आहे. तुमची कपात झाली असेल तर १० टाकायला सांगा. मग १५ तारीख उलटली की ईएसआयसीच्या वेबसाइटवर विमाधारकाच्या लॉगिनमध्ये जाऊन स्वतः बघा.

त्याच लॉगिनमध्ये हप्त्याचे दिवस मोजा. अटल योजनेची अट अशी आहे की काम सुटण्याआधी किमान दोन वर्षं विमायोग्य नोकरी हवी, सुटण्याच्या लगतच्या आधीच्या हप्ता-कालखंडात किमान ७८ दिवस भरलेले हवेत, आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन कालखंडांपैकी एकात तरी पुन्हा ७८ दिवस हवेत. कालखंड दोन आहेत: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. ऑगस्टमध्ये काम सुटलं तर लगतचा आधीचा कालखंड ऑक्टोबर ते मार्चचा. आपल्याकडे पेरणीला गावी, सुगीला गावी, लग्नसराईत पंधरा दिवस, असं चालतं. शिवाय ठेकेदार मध्येच 'ब्रेक' देतो. हे दिवस बिनपगारी गेले की ७८ चा आकडा हुकू शकतो.

रकमेवरही त्याचा परिणाम होतो, आणि हे फार लोकांना ठाऊक नसतं. सरासरी रोज काढताना चार कालखंडांतली सगळी कमाई ७३० नं भागतात, तुम्ही किती दिवस कामावर होता त्यानं नाही. महिना १५,००० रुपये आणि दोन्ही वर्षं पूर्ण पगार असेल तर ३,६०,००० भागिले ७३०, म्हणजे रोज साधारण ४९३. त्याचे निम्मे, गुणिले ९०, म्हणजे २२ हजारांच्या थोडं वर. पण दोन वर्षांत मिळून चार महिने बिनपगारी गेले असतील तर तेच साडेअठरा हजारांवर येतं. हा हिशोब घरीच करून ठेवा. पैसे कमी आले म्हणून भांडायला जायचं की नाही, ते त्यावरून कळेल.

दिवस कमी दिसत असतील तर लगेच निराश होऊ नका, आधी दुसरा नंबर शोधा. दहा अंकी विमा क्रमांक आयुष्यभर एकच राहायला हवा. पण रांजणगाव शेणपुंजीत किंवा बजाजनगरात खोली करून राहणाऱ्या कंत्राटी पोरांना विचारा, प्रत्येक नव्या ठेकेदारानं नवा नंबर काढलेला असतो. मग निम्मे दिवस या नंबरावर, निम्मे त्या नंबरावर. सगळी जुनी ई-पहचान कार्डं (ईएसआयसीची ओळखपत्रं) आणि पगारपत्रकं जमा करा आणि दोन्ही नंबर एकत्र करण्याचा अर्ज शाखा कार्यालयात द्या. भत्त्याच्या अर्जाच्या आधी द्या. दोन्ही एकदम टाकले की एक दुसऱ्यासाठी थांबतो. आणि पगारातून ०.७५ टक्के कापून पुढे हप्ताच भरला नसेल, तर पगारपत्रक हाच तुमचा पुरावा. त्याची तक्रार वेगळी आणि लेखी करायची.

नावाचं प्रकरण वेगळंच. आधार, बँक, ईएसआयसी आणि पीएफ या चारही ठिकाणी इंग्रजी स्पेलिंग एक हवं. ज्ञानेश्वर नावाची स्पेलिंगं आपल्या मराठवाड्यात निदान चार निघतात. कुठे डीपासून सुरुवात, कुठे जीपासून. एका कागदावर बालाजी, दुसऱ्यावर बालाजीराव. शेख आडनाव कुठे पूर्ण, कुठे नुसतं 'शे.'. लग्नानंतर बाईचं आधारवरचं नाव बदललेलं, कंपनीत माहेरचंच. जन्मतारखेचं तर विचारूच नका, गुरुजींनी अर्ध्या वर्गाला १ जून लावलेला असतो, आधारवर मात्र नुसतं साल पडलेलं असतं. चारही कागद समोर ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. बदल करायचाच असेल तर आधी आधार नीट करा आणि बाकीचं त्याच्या मागून, उलटं नाही. मोबाइल नंबरही बघा, कारण ओटीपी त्यावर येतो आणि रिचार्ज संपून बंद झालेलं सिम ही नेहमीची रड आहे.

बँकेचं पासबुक जुनं असेल तर ते बाजूला ठेवा. आपल्या भागात हैदराबाद बँकेची खाती घरोघरी होती. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत गेली, पण कित्येकांनी कंपनीत दिलेला आयएफएससी (बँक शाखेचा कोड) अजून तोच आहे. महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँकही १ मे २०२५ पासून एक झाल्या आहेत, त्यामुळे ग्रामीणचं खातं असेल तर शाखेत जाऊन चालू कोड लिहून घ्या. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय धरतात. त्यात शंभर रुपये टाकून केवायसी करून घ्या. खातं तुमच्या स्वतःच्या नावाचं हवं, वडिलांचं किंवा भावाचं चालणार नाही.

कागद म्हणून एवढं एका पिशवीत ठेवा: आधार, पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक, ई-पहचान कार्ड, शेवटची पगारपत्रकं, कामावर घेतल्याचं आणि काढल्याचं पत्र असेल तर ते, हजेरी कार्ड किंवा गेटपासचा फोटो. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि स्वच्छ स्कॅन. अंधारात काढलेला तिरका फोटो अपलोड करू नका.

अर्ज ऑनलाइन भरायचा आहे. पूर्वी स्टॅम्प पेपरवर शपथपत्र लागायचं, ती अट नोव्हेंबर २०२० मध्ये काढली. तरीही बाहेर कोणी बाँडचे आणि नोटरीचे पैसे मागत असेल तर त्याला तसं सांगा. स्कॅन कागद जोडले असतील तर समक्ष जाण्याची गरज नाही. जोडले नसतील तर अर्जाची प्रिंट सही करून कागदांसह शाखा कार्यालयात द्यायची. समक्ष दिली तर आवक शिक्का घ्या, पोस्टानं पाठवली तर पावती जपा. मागणी गेलेल्या दिवसांचीच करायची, पुढच्या तारखेचे दिवस टाकले तर अर्ज परत येतो. 'काम का सुटलं' या रकान्यात तेच लिहा जे मालकानं नोंदवलंय. मालकाचं कारण खोटं असेल तर आधी त्याच्याकडून दुरुस्ती मागा, ती मागितल्याचा पुरावा जोडा, आणि मग खरं कारण लिहा. दोन ठिकाणी नोकरी दाखवत असेल तर दोन्हीकडची सुटलेली दिसायला हवी.

पीएफ ही तुमची स्वतःची जमा, तिचा भत्त्याशी संबंध नाही. पण तिथेही नोकरी सोडल्याची तारीख लागते. मालकानं टाकली नाही तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी आधार ओटीपीवर तुम्हाला स्वतः टाकता येते. ती टाकताना ईएसआयसीतलीच तारीख टाका. दोन खात्यांत दोन तारखा दिसल्या की प्रश्न विचारले जातात.

अर्ज गेल्यावर पंधरा दिवस धीर धरा. त्यानंतर शाखेत जाताना "माझं काय झालं?" असं विचारू नका, त्याला "प्रोसेसमध्ये आहे" याशिवाय उत्तर मिळत नाही. "शेवटची तारीख दिसते का? आधार जुळलं का? बँकेकडून पैसे परत आले का? मालकाकडे खुलासा मागितला असेल तर कोणत्या तारखेला?" असे चार नेमके प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तर देणाऱ्याचं पद व तारीख खाली टिपा. शाखेतून हललं नाही तर संभाजीनगरच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी द्या. दर महिन्याला सुविधा समागम नावाची तक्रार बैठक होते, तिची तारीख विचारून ठेवा. १८००-११-२५२६ हा टोल-फ्री नंबर आहे, आणि सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकता येते. तेही थंड पडलं तर माहिती अधिकार: दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. ईएसआयसी केंद्राची आहे, म्हणून राज्याच्या पोर्टलवर टाकलेला अर्ज भलतीकडे फिरत बसेल. कागदावर अर्ज देणार असाल तर तो मराठीतही करता येतो. त्यात गाऱ्हाणं मांडू नका, 'अर्ज क्रमांक अमुक, आजवर कोणत्या टेबलावर किती दिवस होता, त्याची नोंद द्यावी' एवढंच मागा. माझ्या मते यानं फाईल जितकी हलते तितकी ओळखीच्या फोननं हलत नाही.

मधेच नवीन काम लागलं तर ते लपवू नका, त्या दिवसापासून भत्ता थांबतो आणि हप्ता पडला की नोंदीत ते दिसतंच. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी जुना दहा अंकी विमा नंबर लिहून द्या. "नवीनच काढून देतो, लवकर होईल," असं टाइम ऑफिसातला माणूस म्हणाला, तरी ऐकू नका.