वेडर्स घेताना या चुका टाळा

नदीत उतरून फ्लाय फिशिंग, म्हणजे कीटकासारख्या हलक्या कृत्रिम आमिषाने मासेमारी, करणाऱ्यांची वेडर्सबद्दलची (पाण्यात उभे राहताना घालायच्या, पावलांपासून वर छातीपर्यंत येणाऱ्या जलरोधक विजारींबद्दलची) सर्वांत मोठी तक्रार म्हणजे ते गळतात. दोष बहुधा कापडाला दिला जातो. प्रत्यक्षात गळतीचे मूळ बऱ्याचदा खरेदीच्या दिवशी घेतलेल्या चुकीच्या मापात असते आणि काही वेळा तर गळती मुळात झालेलीच नसते.

मापाची चूक सर्वांत महाग पडते. उंची आणि छातीचा घेर एवढेच पाहून वेडर्स निवडले जातात आणि जांघेपासून तळपायापर्यंतची लांबी मोजायची राहून जाते. जांघेत तंग बसणाऱ्या वेडर्समध्ये प्रत्येक लांब पावलाचा ताण नेमका तिथल्या शिवणींवर येतो आणि शिवणीवर आतून चिकटवलेली पट्टी हळूहळू सुटू लागते. याउलट फार ढगळ वेडर्स घेतले, तर चालताना मांड्यांच्या आतल्या बाजूचे कापड एकमेकांवर घासून विरते आणि प्रवाहाचा रेटाही अधिक जाणवतो. आरशासमोर ताठ उभे राहून यांतले काहीच कळत नाही. थंड पाण्यात उतरताना जे कपडे आत घालणार, तेच घालून उकिडवे बसावे, मग एक पाय खुर्चीवर ठेवून पाहावे. गुडघ्यावर कापड ताणले गेले किंवा खांद्यावरचे पट्टे खाली ओढले गेले, तर ते माप आपले नव्हे.

पावलाकडे त्याहून कमी लक्ष दिले जाते. ज्या वेडर्सना खाली निओप्रीनचे (फोमसारख्या जाड रबराचे) मोजे जोडलेले असतात आणि बूट वेगळे घ्यावे लागतात, त्यांत मोजा मोठा असला की त्याची घडी बुटात दुमडते, आधी पायाला फोड येतो आणि पुढे त्याच घडीवर भोक पडते. हे मोजे साधारण 3 ते 4 मिलिमीटर जाड असतात, त्यामुळे नेहमीच्या मापाचे बूट त्यांवर आवळतात, बोटांना रक्तपुरवठा कमी पडतो आणि उबदार मोजे घालूनही पाय गारठतात. म्हणून बूट वेडर्स घालूनच पाहावेत. बहुतेकांना एक माप मोठे लागते.

कापड निवडताना पाण्याचे तापमान आणि आपण किती चालणार, या दोनच गोष्टी विचारात घ्याव्यात. बर्फाळ पाण्यात एका जागी तासन्‌तास उभे राहायचे असेल, तर ऊब धरून ठेवणारे निओप्रीन उत्तमच. मात्र ते घालून काठाकाठाने दोन-तीन किलोमीटर चालल्यास माणूस आतून घामाने चिंब होतो. ब्रीदेबल कापड घामाची वाफ बाहेर जाऊ देते, पण स्वतः ऊब देत नाही. ती लोकरीच्या किंवा फ्लीसच्या आतल्या कपड्यांनी मिळवायची असते. सुती पँटवर ब्रीदेबल वेडर्स चढवणे ही अगदी सर्रास होणारी चूक आहे, कारण सूत घाम शोषून तो अंगाशीच धरून ठेवते. माझ्या पहिल्या वेडर्सचा उजवा गुडघा ‘गळतो’ म्हणून मी त्याला दोन ठिगळे लावली होती. सुती पँट बदलल्यावर ती गळती आपोआप थांबली.

तेव्हा ठिगळ लावण्याआधी ओल कोणती आहे ते ओळखावे. दोन्ही पायांवर सारखा पसरलेला दमटपणा बहुधा घामाचा असतो. बाहेरच्या बाजूला पाण्याचे थेंब न बनता कापडच भिजून गडद होत असेल, तर त्यावरचा जलरोधक थर झिजलेला आहे. उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे वेडर्स धुऊन तो थर पुन्हा चढवावा. एकाच ठिकाणी गार पाणी लागत असेल किंवा एकच मोजा भिजत असेल, तर ती खरी गळती. गोर-टेक्ससारख्या, पाणी अडवून वाफ जाऊ देणाऱ्या पटलाचे वेडर्स उलटे करून आतल्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोल चोळले, की सुईएवढे छिद्रही गडद ठिपका होऊन दिसते. सर्व कापडांवर ही युक्ती चालत नाही. तिथे अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावून पाहावे किंवा वरचे तोंड गुंडाळून हवा कोंडावी आणि बाहेरून साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. ठिपक्याभोवती पेनाने लगेच खूण करावी, कारण अल्कोहोल उडाल्यावर तो दिसेनासा होतो. जागा पूर्ण वाळल्यावर युरेथेनचा गोंद लावून रात्रभर ठेवावे.

बुटाच्या तळव्याबाबत मतभेद आहेत. शेवाळलेल्या गोट्यांवर फेल्टची, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाची, पकड खरोखर चांगली असते. पण चिखलात आणि बर्फात ते निरुपयोगी ठरते आणि त्याच्या ओलसर तंतूंमधून सूक्ष्म शैवाल एका नदीतून दुसऱ्या नदीत जाण्याचा धोका असतो. डिडिमो या शैवालाच्या प्रसारामुळे न्यूझीलंडने 2008 मध्ये फेल्टच्या तळव्यांवर बंदी घातली आणि अलास्कानेही 2012 मध्ये गोड्या पाण्यातील मासेमारीत त्यांना मनाई केली. माझ्या मते खिळे बसवता येणारा रबरी तळवा घेणे अधिक शहाणपणाचे.

कमरेचा पट्टा मात्र मतभेदाचा विषय नाही. भरलेले वेडर्स माणसाला तळाशी ओढतात हा समज चुकीचा आहे, कारण आतल्या पाण्याला नदीच्या पाण्यात वेगळे वजन उरत नाही. खरी अडचण भरलेल्या पायांनी काठावर चढताना येते. आवळून बांधलेला पट्टा हे पाणी आत शिरण्याचा वेग कमी करतो, म्हणून छातीपर्यंतचे वेडर्स तो न बांधता घालू नयेत.

घरी आल्यावर वेडर्स ओले असतानाच घडी करून पिशवीत कोंबू नयेत, कारण त्यांना बुरशी धरते. बाहेरून कोरडे दिसणारे वेडर्स पावलाच्या टोकाशी ओले असू शकतात, तेव्हा ते उलटे करून आतली बाजूही सावलीत वाळवावी.